परमिट रूममधला ‘नाही’ म्हणायचा वर्ग

भिगवणला हायवेलगत एक परमिट रूम होती. नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं मी तिथं कॅप्टन म्हणून काढली. हॉटेलातला कॅप्टन म्हणजे वेटरांच्या वरचा आणि मॅनेजरच्या खालचा माणूस. निरवांगीला, माझ्या गावात, बरेच दिवस लोक समजत होते की मी मिलिटरीत आहे. आईनं तो गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

दारू वाढणं हे शिकण्यासारखं काम आहे असं कुणालाच वाटत नाही. बाटली उघडायची, मापानं ग्लासात ओतायची, सोडा की पाणी ते विचारायचं, झालं. त्याआधी मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात होतो. तिथले म्हातारे बारमन आम्हाला सांगायचे, “ओतायला एका दिवसात येईल तुम्हाला. हात आखडता कधी घ्यायचा ते कळायला मात्र वर्षं जातील.” मी मान हलवायचो आणि पुढच्या टेबलाकडे जायचो. मग वडील आजारी पडले, घराजवळ काम हवं होतं, म्हणून भिगवणला आलो.

हॉटेलचे मालक तात्या. पुढच्या बाजूला जेवणाचा हॉल, मागे पडदा, आणि पडद्यामागे परमिट रूम. उजनीच्या पाण्यातला ताजा मासा मिळतो म्हणून गाड्या थांबायच्या. मासळीचे व्यापारी, ट्रकवाले, उसाच्या हंगामातले मुकादम, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे मेकॅनिक, असे सगळे आमचे गिऱ्हाईक.

मी स्वतः कधी घेतली नाही. आमचं घर बौद्ध. विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील येतं, नशेपासून दूर राहण्याचं. ते मी पाळलं. दुसऱ्याला वाढू नये असं त्यात कुठं म्हटलंय, असा वकिली मुद्दा मी स्वतःपुरता काढून ठेवला होता. वसंतरावांच्या दुपारपर्यंत तो मला पुरला.

वसंतराव मोटारींचं रिवायंडिंग करायचे. पन्नाशीचा, हसरा माणूस. आला की आधी स्वयंपाकघरात डोकावून आचाऱ्याची चौकशी करायचा, मग बसायचा. त्या दिवशी ते बाराच्या सुमारास आले आणि तासाभरात त्यांनी चार मोठे पेग घेतले. मोठा पेग म्हणजे साठ मिली. चौथा मीच दिला. तिसऱ्यानंतर ते एकच किस्सा दुसऱ्यांदा सांगायला लागले होते, तेही मला कळलं होतं. पण रोजचा माणूस, चांगला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं?

उठले, बिल दिलं, बाहेर गेले. मी त्यांना सोडायला पायरीपर्यंत गेलो. मोटरसायकलला किल्ली लावायचा प्रयत्न चालला होता. किल्ली इकडं लागायची, तिकडं लागायची, भोकात काही जाईना. ते माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, “मधुकर, डोळं गेलं बघ म्हातारपणी.”

मी पुढं झालो आणि त्यांची किल्ली लावून दिली.

हे वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

अर्ध्या किलोमीटरवर त्यांनी एका सायकलवाल्याला उडवलं. तो सायकलवाला म्हणजे भिवा नाना, आमच्या हॉटेलला मासा पुरवणारा कोळी. आमच्याच स्वयंपाकघरात पाटी रिकामी करून तो घरी चालला होता. वसंतराव खांद्याच्या हाडावर निभावले, ते पुन्हा कधी आमच्याकडं आले नाहीत. नानाचा उजवा पाय मांडीत दोन ठिकाणी मोडला. पोलीस आले, जबाब झाले. मी सांगितलं, गिऱ्हाईक जेवून गेलं. चार पेग सांगितले. किल्लीचं सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

आठ महिने नानाची बायको मासा घेऊन येत होती. नंतर एका सकाळी नाना स्वतः आला, काठी टेकत. एक पाय आखूड झाला होता. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून तो चिलापी मासे निवडायला लागला. मी चहा घेऊन गेलो आणि ठेवायच्या ऐवजी हातात धरूनच उभा राहिलो.

“नाना, एक सांगायचंय.”

“सांग की.”

“त्या दिवशी वसंतरावांना किल्ली लावता येत नव्हती. मी लावून दिली.”

नानानं मान वर केली नाही. हातातला मासा उलटा केला, परत सुलटा केला.

“मला वाटायचं नशिबात व्हतं,” तो म्हणाला. “तर तू व्हतास व्हय.”

चहा माझ्या हातातच.

“आता मला कशाला सांगतोस? पाय का लांब हुणार हाय माझा? आत धा-बारा जण वाढत्यात, त्यास्नी सांग जा. त्यातला कोन तरी उद्या आनि किल्ली लावून दील.”

चहा त्यानं घेतला नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मासा द्यायचा, वजन सांगायचा, जायचा. मला ते बरोबरच वाटायचं.

त्याच दिवशी दुपारी मी तात्यांकडं गेलो. म्हटलं, आठ दिवस शिकल्याशिवाय यापुढं एकाही वेटरच्या हातात माप द्यायचं नाही. जुना असो, नवा असो. मी शिकवतो.

तात्या खुर्चीत मागं रेलले. “काय शिकिवणार?”

“किती द्यायची, कुणाला द्यायची आणि कधी थांबायचं.”

“म्हंजी माझ्या हाटेलात बसून माझी दारू कमी कशी खपवायची ते शिकिवणार. झकास!” ते हसले. “आरं, आपुन काय गाडी चालिवली का? पिणारा पितो, चालिवणारा चालिवतो.”

मी किल्लीचं सांगितलं. तात्यांचं हसू थांबलं. ते आणि नाना एकाच गावचे. धरण भरायच्या आधीचं ते गाव आता पाण्याखाली आहे. लहानपणी दोघं भीमेच्या डोहात बरोबर पोहायचे.

“आठ न्हाय,” तात्या म्हणाले. “सा दिवस. सकाळच्या पारी, गिऱ्हाईक यायच्या आत. आन् जो बसणार न्हाय त्यानं पुढं जेवणाच्या हालमदी वाढायचं. पडद्याच्या आत पाय ठिवायचा न्हाय.”

सक्ती झाली ती अशी. तेव्हा आपल्याकडं अशा शिक्षणाचा नियमही मी कुठं ऐकला नव्हता. पुढं ऐकलं की काही देशांत दारू वाढणाऱ्याला असं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, त्याशिवाय त्याला कामावर घेत नाहीत. आमच्याकडं तात्यांचा शब्द हाच कायदा होता.

कोठीघरात सोड्याची खोकी उलटी करून वर्ग भरायचा. पहिल्या तुकडीत सातजण होते. सगळ्यात मोठा शंकर, कऱ्हाटीचा, पस्तिशीचा, माझ्यापेक्षा जुना वेटर. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “कॅप्टन, मी बारा वर्षं वाढतोय. मला काय शिकिवताय?” मी म्हटलं, “बारा वर्षांत किती जणांना नाही म्हणालास?” त्यानं थोडा विचार केला आणि खोक्यावर बसला.

शिकवायचो ते असं. पहिली गोष्ट वय. पंचवीसच्या आतल्याला कडक दारू द्यायची नाही, तसा कायदाच आहे, आणि मिशी बघून वय ठरवायचं नाही. दुसरी गोष्ट पोट. गिऱ्हाईक बसलं की आधी पाण्याचा जग, मग खायला काहीतरी, मग पेग. परमिट रूममध्ये खारे शेंगदाणे, चिवडा, लोणचं का ठेवतात ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. खारट खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पेग लवकर संपतो. आम्ही तो चकणा कमी केला. त्याऐवजी उकडलेली अंडी, तळलेला मासा, भाकरीचा चतकोर पुढं ठेवायला लागलो. माझी ही एकच गोष्ट तात्यांना मनापासून आवडली, कारण मासा जास्त खपायला लागला.

तिसरी गोष्ट वेळ. पोटात गेलेली दारू उतरायला तिचा तिचा वेळ घेते. ताक, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ, काळी कॉफी, कशानंही ती वेळ कमी होत नाही. पुण्यातल्या हॉटेलात आम्हाला सांगितलं होतं, एका मोठ्या पेगला दोनेक तास धरा. मी हे सांगितलं तेव्हा प्रत्येकजण मनात कुणाचा तरी हिशेब करत होता.

मग खुणा. आवाज चढतो. किस्सा परत येतो. काडी पेटते पण सिगरेटच्या टोकाशी जात नाही. उठताना माणूस आपल्या नव्हे, शेजारच्या खुर्चीची पाठ धरतो. आणि काहींचं काहीच होत नाही, फक्त ते गप्प होतात. त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवायचं.

सरावाला रमच्या जागी कोरा चहा वापरायचो. एकजण गिऱ्हाईक व्हायचा, एकजण वेटर. दिलीप नावाचा वेटर होता, तिशीतला, अबोल. त्यानं प्यालेल्या माणसाचं सोंग असं वठवलं की सगळे हसून लोटपोट झाले. जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, मधेच उगाच लाडात येणं, मधेच ओरडणं. शंकर म्हणाला, “आरं, कुठं शिकलास रं हे?”

दिलीप सरळ बसला. “घरी,” म्हणाला. “आमचा बा आसाच बोलायचा.”

त्यानंतर त्या तुकडीत कुणी सोंगाला हसलं नाही.

सगळ्यात अवघड धडा शेवटचा, नाही म्हणायचा. चारचौघांत म्हणायचं नाही. उभ्यानं म्हणायचं नाही. टेबलाशी वाकून, कानाशी तोंड नेऊन, साहेब म्हणून म्हणायचं. ‘तुम्हाला चढलीय’ हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. त्यानं माणूस पेटतो. म्हणायचं, “आता जेवण लावू का?” आणि उत्तराची वाट न बघता ताट आणायचं. गरम ताट समोर आलं की निम्मी माणसं जेवायला लागतात. उरलेल्या निम्म्यांसाठी कॅप्टनला बोलवायचं. आणि गाडी घेऊन आलेल्याची किल्ली बसतानाच काउंटरवर घ्यायची.

सहा दिवसांनी परीक्षा घ्यायचो. दुपारभर कोपऱ्यात उभं राहायचं, काहीही वाढायचं नाही, फक्त बघायचं. नंतर मला सांगायचं, कुठल्या टेबलाला कधी थांबवायला हवं होतं आणि का. शंकर पहिल्यांदा नापास झाला. दुसऱ्यांदा पास झाला तो इतका की माझ्याही नजरेतून सुटलेलं एक टेबल त्यानं दाखवलं.

शंकरची खरी परीक्षा झाली ती त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. एक बडं प्रस्थ आमच्याकडं यायचं. लोक त्यांना आप्पा म्हणायचे. दोन-तीन संस्थांवर होते, त्यांच्या एका शब्दावर लग्नाच्या जेवणावळी आमच्याकडं यायच्या. त्या दुपारी आप्पा स्वतः जीप चालवत आले. बरोबर दोघं, ते दोघं त्यांच्याहून आधी टेबलावर आडवे झाले. आप्पांनी पाचवा मागवला. शंकर वाकला, कानाशी गेला, म्हणाला, “आप्पा, जेवण लावू का?”

आप्पांना ते नवीन होतं. “पेग म्हनलं मी.”

“मासा ताजा हाय, आप्पा. भाकरी गरम हाय.”

“तुला ऐकू येत न्हाय का? कुनाशी बोलतोयस ठावं हाय का?”

आवाज ऐकून मी गेलो, माझ्यामागोमाग तात्या आले. आप्पा म्हणाले, “तात्या, तुझा वेटर मला शिकिवतोय. हे हाटेल चालवायचं हाय का बंद करायचंय?”

तात्यांचा चेहरा पडला. हात जोडले. शंकरकडं न बघता म्हणाले, “दे रं आप्पांना. एकच दे.”

शंकर जागचा हलला नाही. मग त्यानं खिशातून माप काढलं, पितळेचं, साठ मिलीचं, आणि तात्यांच्या समोर टेबलावर ठेवलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, “तात्या, नेम तुमीच केलाय. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. तुमी वाढा.”

तात्यांनी माप उचललं. बाटलीकडं हात गेला. बाटली त्यांनी धरली सुद्धा. मी त्या हाताकडं बघत होतो आणि खरं सांगतो, ते ओतणार अशीच माझी खात्री होती. मग त्यांनी बाटली तशीच काखेला मारली आणि म्हणाले, “आप्पा, जेवा. मी सोडतो घरी.”

आप्पा जेवले नाहीत. शिव्या दिल्या, उठले, जीपकडं गेले. काउंटरवरची किल्ली तात्यांनी उचलली होती. तात्या आधीच जीपमध्ये चालकाच्या जागेवर जाऊन बसले होते, बाटली अजून काखेतच. त्यांनी आप्पांना त्यांच्या गावी नेऊन सोडलं. संध्याकाळी तात्या एसटीनं परत आले. आल्यावर शंकरला बोलावलं, आम्हाला वाटलं आता काढतात. तात्या म्हणाले, “बस फार गर्दीची व्हती. उभा राहून आलो. जेवायला वाढ.”

त्या मोसमातल्या जेवणावळी दुसरीकडं गेल्या. आप्पा पुन्हा आले ते वर्षभरानं, ड्रायव्हर घेऊन, आणि शंकरलाच टेबलावर बोलावलं.

इथवर सगळं आमच्या मोठेपणाचं झालं. आता दुसरी बाजू.

एका दुपारी पडद्याबाहेर एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, अंगणवाडीत काम करणारी. आत यायला तयार नव्हती, म्हणून मी बाहेर गेलो.

“कॅप्टन तुमीच का?”

“होय, ताई.”

“गणपत ट्रॅक्टरवाला माझा मालक. तुमच्या हितं येतो. तुमी त्याला दोनावर थांबिवता.”

मला वाटलं ती आभार मानायला आली. मी जरा ताठ उभा राहिलो.

“हितनं उठला की फुडच्या बारमदी जातो,” ती म्हणाली. “तितनं त्याच्या फुडच्या. तितं कोन थांबिवत न्हाय. परवा गटारात पडला, दात पडलं दोन. आदी तुमच्या हितं निदान खुर्चीत तरी बसून ऱ्हायाचा. मग तुमी केलं ते बरं केलं का वंगाळ केलं, येवढं सांगा मला.”

सहा दिवसांच्या वर्गात मी सगळं शिकवत होतो, आमच्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाचं काय होतं हे सोडून. ती उत्तरासाठी उभी होती. मी म्हटलं, “ताई, वंगाळ केलं. बघतो काय करता येतं.”

जवळपास अजून दोन परमिट रूम होत्या. दोन्हीकडं मी गेलो. एका मालकानं मला बसवून घेतलं, चहा पाजला आणि हसून म्हणाला, तुम्ही थांबवलेली गिऱ्हाइकं आम्हाला येतात, आम्ही कशाला तक्रार करू? दुसऱ्या ठिकाणी आदल्याच आठवड्यात मारामारी होऊन काचेचं कपाट फुटलं होतं. ते मालक म्हणाले, पाठवतो चार वेटर, बघू. ते चौघं आमच्या कोठीघरात सहा दिवस बसले. पहिल्या मालकाला यायला अजून वर्ष लागलं. त्याच्या दारातून निघालेला त्याचाच मेव्हणा विजेच्या खांबावर आदळला, तेव्हा तो आला.

मग आम्ही तिघांनी फोनची पद्धत बसवली. एकानं थांबवलेला माणूस पायी पुढं निघाला की दुसऱ्याला फोन. चारचौघांत बोलायचं म्हणून शब्द ठरवून घेतले होते: “पाहुणे जेवून निघालेत.” सोबत कपड्यांचं वर्णन. पलीकडच्यानं समजायचं, याला द्यायची नाही, ताट लावायचं किंवा घरी पोचवायची सोय बघायची. गणपत पहिल्या आठवड्यात तिन्ही ठिकाणी फिरला आणि तिन्ही ठिकाणी त्याच्यापुढं भाकरी आली. तो वैतागून घरी गेला. त्यानं दारू सोडली असं मी म्हणणार नाही. त्याची बायको रस्त्यात भेटली की मान हलवायची, एवढंच.

आता जे लिहायचं इतका वेळ टाळलं ते लिहितो.

मला एक थोरला भाऊ. इंदापूरला हायस्कुलात शिक्षक. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मला अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं. जयंतीच्या कार्यक्रमात व्यसनमुक्तीवर भाषण असलं की दादांचंच. मी परमिट रूममध्ये लागलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तुझं तू ठरव,” आणि त्यानंतर एकदाही भिगवणला माझ्याकडं आले नाहीत.

एका शनिवारी साडेतीनच्या सुमारास फोन वाजला. दुसऱ्या परमिट रूमचा वेटर होता. “कॅप्टन, पाहुणे जेवून निघालेत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चष्मा. तुमच्याच दिशेनं.” मी बरं म्हटलं आणि दिलीपला सांगितलं, तुझ्या टेबलाकडं लक्ष ठेव.

पडदा बाजूला झाला आणि दादा आत आले.

पाय नीट पडत नव्हते. खुर्चीची पाठ धरून ते बसले. इंदापुरात प्रत्येक दुकानात कुणीतरी विद्यार्थी निघतो, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडून ते भिगवणला यायचे. दोन वर्षं हे चालू होतं, हे मला नंतर कळलं. माझ्याकडं मात्र त्या दिवसापर्यंत आले नव्हते.

“तुझ्याकडंच आलो, मधू,” ते म्हणाले. “सगळ्यांना देतोस ना? मला पण दे.”

मी काय केलं ते सांगतो. मी माप उचललं. शेकडो माणसांना मी थांबवलं होतं, डझनावारी वेटरांना थांबवायला शिकवलं होतं, आणि दादांनी मागितल्यावर माझा हात सरळ बाटलीकडं गेला. त्यांनी आयुष्यात माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

कुणीतरी माझं मनगट धरलं. दिलीप होता.

“कॅप्टन, ह्ये टेबल माझं हाय,” तो म्हणाला. “तुमी बाहेर जावा.”

मी बाहेर गेलो नाही, पण मागं सरलो. दिलीप दादांच्या खुर्चीशी वाकला, कानाशी तोंड नेलं. “सर, जेवण लावू का?”

तो त्यांचा विद्यार्थी नव्हता. त्यानं फक्त पेन आणि चष्मा बघून सर म्हटलं होतं. दादांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढं पाच-दहा मिनिटं त्यांचे खांदे हलत होते. दिलीप तिथून हलला नाही. दादांची पाठ बाकीच्या टेबलांना दिसू नये अशा बेतानं तो उभा राहिला. हे मी कधी शिकवलं नव्हतं.

ताट आलं. दादा जेवले. मी त्यांना एसटीनं इंदापूरला घेऊन गेलो. रस्ताभर ते खिडकीला डोकं लावून होते. घराच्या वळणावर ते थांबले आणि म्हणाले, “तुझ्या वहिनीला मीच सांगतो. तू फक्त बरोबर ये.”

सोपं नव्हतं. पुण्याला उपचाराला नेलं, दोनदा परत घसरले, दीड-दोन वर्षं गेली. त्या काळात शनिवारी दुपारी माझं काम ठरलेलं होतं. दीडच्या एसटीला उभं राहायचं, त्यांना उतरवून घ्यायचं आणि पुढच्या हॉलमध्ये बसून दोघांनी मासा-भाकरी खायची. कधीकधी ते यायचे नाहीत, आणि ती दुपार मला फार लांब वाटायची.

पुढं एका तुकडीच्या वेळी त्यांनी विचारलं, “मी येऊ का तुझ्या वर्गाला? शेवटच्या दिवशी?” मी म्हटलं, या. मला वाटलं, बघायला येतायत.

कोठीघरात नऊ वेटर बसले होते, तिन्ही परमिट रूमचे. शंकर आणि दिलीप दाराशी उभे होते. दादा आले, शर्टाची बाही सारखी केली आणि वर्गावर उभे राहिल्यासारखे उभे राहिले. मी ओळख करून देणार एवढ्यात तेच बोलायला लागले.

“मी कॅप्टनचा थोरला भाऊ. इंदापूरला मराठी शिकवतो. मी दारू पीत होतो. इथं येऊन, लपून. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.”

एका वेटरनं, नवाच होता, हात वर केला, शाळेत करतात तसा. “सर, आमी न्हाय म्हनल्यावर गिऱ्हाइकाला आतून काय वाटतं, ते सांगाल का?”

दादांनी दिलीपकडं पाहिलं. “खरं सांगू? त्या क्षणी ह्याचा गळा दाबावासा वाटला मला.”

सगळे हसले. दिलीप खाली बघायला लागला. दादा हसले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले.

“आणि ताट समोर आलं तेव्हा,” ते म्हणाले, “वाटलं, ह्याला मी अजून जेवणारा माणूस दिसतोय.”